८०० मीटरवाल्या मुलीला छोट्या खाजगी युनिव्हर्सिटीची स्पोर्ट्स स्कॉलरशिप आलीये, घ्यावी का?

सड्यावरची_आई (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी कॉमर्स झाली, ८०० आणि १५०० मीटर धावते. शाळेपासून जिल्ह्याला पहिली येतेय आणि यंदा शालेय राज्यस्तरला १९ वर्षांखालील गटात ८०० ला चौथी आली, वेळ २ मिनिटं १९ सेकंद. सराव म्हणजे ओहोटी असेल तेव्हा बीचवर नाहीतर सड्यावर (गावावरच्या कातळाच्या पठारावर), पावसाळ्यात डांबरी रस्त्यावर, आणि शाळेचे पीटी सर आहेत तेच सगळं बघतात. सिंथेटिक ट्रॅक तिला फक्त स्पर्धेच्या दिवशीच बघायला मिळतो.

आता पुण्याकडच्या एका छोट्या खाजगी युनिव्हर्सिटीतून फोन आलाय, राज्यस्तरच्या निकालावरून नंबर शोधला म्हणे. बीबीएला ॲडमिशन, ट्यूशन फी पूर्ण माफ, होस्टेल आणि मेसचे पैसे आपण भरायचे. ब्रोशर एकदम छान आहे, मैदान जिम फिजिओ सगळ्याचे फोटो. तिचे बाबा म्हणतात एवढ्या लांब नको, रत्नागिरीला कॉलेजात घालू, मुंबई युनिव्हर्सिटीची डिग्री मिळेल, आत्याकडे राहील आणि धावायचं तर कुठेही धावता येतं. त्यात आणखी एक म्हणजे एका एजंटचा मेसेज आलाय की अमेरिकेत छोट्या खाजगी युनिव्हर्सिट्या आपल्या मुलींना ॲथलेटिक स्कॉलरशिप देतात, प्रोफाइल बनवायचे आधी ६० हजार भरा.

मला खेळातलं फार कळत नाही, पण ती मन लावून करते आणि तिची ही तीन वर्षं वाया जाऊ नयेत असं वाटतं. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी प्लीज नीट सांगा, काय विचारायचं, कुणाला विचारायचं.

राजापूरचे_पीटी_सर

ताई, आधी स्पर्धांची रचना समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप सोपं होईल. कॉलेजच्या मुलांच्या देशपातळीच्या स्पर्धा एआययू घेते, म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, १९२५ पासूनची संस्था, आणि तिथे टीम कॉलेजची नसते तर युनिव्हर्सिटीची असते. रत्नागिरीचं कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीत येतं. म्हणजे मुलीला आधी कोकण झोन, मग फायनल, तिथे चर्चगेटपासून पालघरपर्यंतच्या आणि इकडे सावंतवाडीपर्यंतच्या शेकडो कॉलेजच्या मुली, त्यातून वर आली तरच मुंबई युनिव्हर्सिटीचं किट अंगावर. खाजगी युनिव्हर्सिटीला संलग्न कॉलेजं ठेवताच येत नाहीत, कॅम्पसवरची दोन-तीन हजार मुलं तेवढीच, पण एआययूमध्ये तिची एन्ट्री मुंबईच्या बरोबरीनेच जाते. त्यामुळे तुमची मुलगी तिथे पहिल्याच वर्षी इंटर युनिव्हर्सिटीला उभी राहू शकते. कबड्डी खोखोला आधी वेस्ट झोन खेळून वर यावं लागतं, ॲथलेटिक्सला ते नाही, थेट ऑल इंडिया. ही खरोखर मोठी संधी आहे, बाबांना हे सांगा.

पण उभं राहणं वेगळं आणि हीटमधून, म्हणजे प्राथमिक फेरीतून पुढे जाणं वेगळं. खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, जे २०२० ला भुवनेश्वरला सुरू झाले, तिथे जायचं तर या ऑल इंडियातली कामगिरीच धरतात. खाजगी युनिव्हर्सिट्या तिथे गाजतात हे खरं, २०२२ ला बंगळुरूची जैन पहिली आली, २०२४ ला गुवाहाटीत चंडीगड युनिव्हर्सिटी पहिली, पण त्या खेळावर भरपूर खर्च करणाऱ्या प्रचंड मोठ्या संस्था आहेत. छोटी खाजगी युनिव्हर्सिटी त्यांचं नाव घेऊन आपलं ब्रोशर छापते, तिकडचं काही आपल्या मुलीच्या वाट्याला येत नाही.

म्हणून मैदानाचे फोटो बाजूला ठेवा आणि कोच कोण ते विचारा. बी.पी.एड. झालेला माणूस शारीरिक शिक्षणाचा शिक्षक असतो, माझी सगळी नोकरी त्यातच गेली, मैदान आखणं, मुलांना शिस्त लावणं, टीम घेऊन जाणं हे आम्ही करतो. ८०० मीटरची वर्षभराची आखणी करणं हा वेगळा अभ्यास आहे, त्यासाठी पटियालाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा असतो आणि तोसुद्धा ॲथलेटिक्समधला हवा, दुसऱ्या खेळांचेही डिप्लोमे असतात. त्या कोचकडे सध्या ८०० आणि १५०० च्या किती मुली आहेत ते विचारा. एकटी असेल तर मुलांबरोबर किंवा घड्याळाबरोबर धावेल, इथे धावते तसंच.

नाशिकची संजीवनी जाधव २०१७ ला तैपेईच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समधून १०,००० मीटरचं रौप्य घेऊन आली. ती नाशिकला विजेंदर सिंग सरांकडे सराव करायची, ज्यांच्या हाताखाली कविता राऊत तयार झाली. मोठा कॅम्पस नाही, चकचकीत ब्रोशर नाही, एक चांगला कोच आणि बरोबर धावणाऱ्या मुली. माझं सगळं मत त्यावरच उभं आहे.

तुतारीचा_प्रवासी (सावंतवाडी)

सरांनी खेळाचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो कारण मी स्वतः अशाच एका छोट्या खाजगी युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स कोट्यातून होतो, ४०० मीटर हर्डल्स. पहिलं वर्ष मस्त गेलं, किट मिळालं, टीए-डीए मिळाला, वेबसाइटवर फोटो. दुसऱ्या वर्षी नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, डॉक्टरांनी पळायचं पूर्ण बंद करायला सांगितलं, आणि पुढच्या सेमिस्टरला अकाउंट्समधून पत्र आलं की खेळाडू स्पर्धेत उतरला नाही म्हणून फीमाफी लागू नाही, पूर्ण फी भरा. ऑफर लेटरमध्ये 'कामगिरीच्या आधारे दरवर्षी नूतनीकरण' असं एकच वाक्य होतं आणि त्या वाक्याचा अर्थ ते लावतील तो. वडिलांनी काजूचे पैसे आले तसे भरले आणि मी डिग्री पूर्ण केली पण फार वाईट गेले ते दिवस.

त्यामुळे ताई, तुमच्याकडे आता जे पत्र येईल त्यात दुखापत झाली तर काय हे स्पष्ट लिहून घ्या. वैद्यकीय सर्टिफिकेट दिलं तर किमान ते पूर्ण वर्ष फीमाफी चालू राहील, आणि खेळ कायमचा सुटला तर पुढची फी किती, असं आकड्यात. फोनवर बोललेलं काही धरू नका, फोनवर बोलणारा माणूस ॲडमिशन डिपार्टमेंटचा असतो आणि सहा महिन्यांनी तो तिथे नसतो. दुसरं म्हणजे स्पर्धेमुळे परीक्षा चुकली तर परत घेणार का, आणि स्पर्धेचे दिवस हजेरीत धरणार का. माझ्या वर्गातल्या एका मुलाची ऑल इंडिया आणि इंटर्नल एकाच आठवड्यात आली, तो स्पर्धेला गेला आणि विषय राहिला.

आणि ओरिजिनल मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट कुणाला ठेवून घेऊ देऊ नका. दाखवायचं, तपासून झालं की परत घ्यायचं. यूजीसीचाच नियम आहे की संस्थेने मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत. हे मुद्दाम सांगतो कारण मध्येच सोडून दुसरीकडे जायची वेळ आली तर सगळं तिथेच अडतं.

चिपळूणकर_मॅडम

मी इकडच्याच एका कॉलेजात शिकवते म्हणून बाबांची बाजू जरा मांडते, ती अगदीच सोडून देण्यासारखी नाहीये. मुंबई युनिव्हर्सिटीत निवड कठीण आहे हे सरांचं बरोबर, पण तिथे वर येणारी मुलगी खरोखर वर आलेली असते, टीममध्ये आली की कॅम्प लागतो आणि बरोबरीच्या मुली भेटतात. खेळाडूंना १० ग्रेस मार्क मिळतात, कॉलेज अर्ज करतं. फी आपल्या आवाक्यातली असते त्यामुळे दुखापत झाली म्हणून घरावर संकट येत नाही, वर तुतारीचा_प्रवासी यांचं वाचून मला तेच वाटलं.

पण ताई रत्नागिरीच का? तुम्हाला चिपळूण जवळ पडतं, आणि चिपळूणहून सावर्ड्याजवळ डेरवणला क्रीडा संकुल आहे, डेरवण युथ गेम्स तिथेच होतात, तुमच्या मुलीने कदाचित भाग घेतलाही असेल. तिथे सराव करू देतील का, कोच कोण आहे, आठवड्याला किती दिवस, हे एकदा प्रत्यक्ष जाऊन विचारा. धावायचं तर कुठेही धावता येतं हे मात्र मला पटत नाही. आठवीपर्यंत ठीक आहे, २:१९ वरून २:१२ ला यायचं तर ट्रॅक लागतो, वळणं लागतात, मागून घड्याळ लावणारं माणूस लागतं.

अजून एक, सरकारी नोकरीत आपल्याकडे खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे पण कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या स्पर्धेतला कितवा नंबर चालतो हे नियमात ठरलेलं आहे, आणि सर्टिफिकेट विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. नुसतं 'युनिव्हर्सिटीकडून खेळली' याला तिथे वजन नाही. आत्तापर्यंतची सगळी सर्टिफिकेटं एका फाइलमध्ये लावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आपल्याकडच्या दमट हवेत शाई उडते.

ओहायोतली_देवरुखकर

ताई, त्या एजंटला एक रुपया देऊ नका हे आधी. मी इथे एका छोट्या खाजगी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसमध्ये काम करते, खेळाडू मुलांचे कागद रोज हातावरून जातात म्हणून सांगतेय.

इथे कॉलेजचे खेळ मुख्यतः दोन संघटनांखाली चालतात, एनसीएए आणि एनएआयए. एनसीएएच्या तीन डिव्हिजन आहेत आणि बहुतेक छोटी खाजगी कॉलेजं असतात डिव्हिजन तीनमध्ये, चारशेच्या वर संस्था आहेत. डिव्हिजन तीनला ॲथलेटिक स्कॉलरशिप द्यायला बंदी आहे. शून्य. अभ्यासातल्या मार्कांवर सवलत देतात, पण खेळ बघून पैसे द्यायचे नाहीत असा नियमच आहे. एजंट जर डिव्हिजन तीनच्या कॉलेजचं नाव घेऊन ॲथलेटिक स्कॉलरशिप म्हणत असेल तर तो सरळ खोटं बोलतोय. एनएआयएमध्येही बरीचशी छोटी खाजगी कॉलेजंच आहेत आणि तिथे खेळावर पैसे देता येतात, डिव्हिजन दोनमध्येही देता येतात, पण ॲथलेटिक्सला एक पूर्ण स्कॉलरशिप चार-पाच जणींत वाटतात. फी, राहणं, खाणं धरून वर्षाला ५०-६० हजार डॉलरचा आकडा सहज होतो, त्यातले १५ हजार माफ झाले तरी उरलेलं कुठून आणायचं? इथलं सरकारी अर्थसहाय्य एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना मिळत नाही आणि नोकरी करायची तर कॅम्पसवरच, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत.

इथली एक गोष्ट तुमच्या पुण्याकडच्या ऑफरलाही लागू पडते म्हणून लिहिते. ज्या छोट्या खाजगी कॉलेजात हजार-दीड हजारच मुलं असतात तिथे खेळ हा ॲडमिशन भरायचा मार्ग असतो. काही ठिकाणी तीनातला एक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या टीममध्ये असतो. कोचला सांगितलेलं असतं की यंदा एवढी मुलं आणायची. म्हणून टीममध्ये ४० नावं असतात आणि त्यातली निम्मी स्पर्धेला नेतच नाहीत. म्हणजे ही कॉलेजं वाईट असं मी म्हणत नाही, उलट काही ठिकाणी कोच प्रत्येक मुलीला नावाने ओळखतो, शरद ऋतूत सहा किलोमीटरची क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, मग आउटडोअर, वर्षभर मुली धावत असतात आणि चार वर्षांत छान डिग्री घेऊन बाहेर पडतात. फक्त आपल्याला का बोलावलंय हे ओळखून जायचं. तुम्ही त्या युनिव्हर्सिटीला विचारा की मागच्या वर्षी स्पोर्ट्समधून किती मुलींना ॲडमिशन दिली आणि त्यातल्या किती प्रत्यक्ष स्पर्धेत उतरल्या.

तरीही मुलीला अमेरिकेची इच्छा असेलच तर कॉलेजच्या वेबसाइटवर खेळाडूंसाठी फॉर्म असतो, तो फुकट आहे, तिने स्वतः भरावा, वेळ लिहावी, शर्यतीचा व्हिडिओ जोडावा. कोच स्वतः उत्तर देतात.

मालवणी_फिजिओ

बाकीच्यांनी लिवला ता सगळा बरोबर आसा, माका फक्त मुलीच्या तब्येतीचा बोलूचा आसा. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

ताई, १७-१८ वर्षांच्या लांब पल्ल्याच्या मुली माझ्याकडे येतात त्यात दोन गोष्टी सारख्या दिसतात, लोह कमी आणि खाणं कमी. घरी बांगडा, तारली, अंडी, कुळीथ सगळं पोटात जातं, होस्टेलच्या मेसमध्ये पोळी, बटाटा आणि पाण्यासारखी डाळ. सराव दुप्पट होतो आणि जेवण निम्मं. मग पाळी अनियमित होते, पुढे बंदच होते, आणि मुली त्याला 'बरं झालं, कटकट गेली' म्हणतात. पाळी बंद होणं म्हणजे शरीराला पुरेसं अन्न मिळत नाही याची खूण आहे आणि त्याच मुलींना नंतर नडगीला, पायाच्या पंजाला स्ट्रेस फ्रॅक्चर होतात. कोच पुरुष असेल तर मुली हे बोलत नाहीत. तिथे कुणी बाई आहे का जिच्याशी ती हे बोलू शकेल, वॉर्डन नव्हे, टीमबरोबर असणारी, हे नक्की विचारा. मेसमध्ये अंडी-मासे चालतात का, पहाटेच्या सरावानंतर नाश्ता किती वाजता मिळतो तेही विचारा, बऱ्याच ठिकाणी नाश्ता ८ ते ९ आणि लेक्चर ९ ला, मुलगी ट्रॅकवरून येईपर्यंत संपलेला. जायच्या आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन नॉर्मल आलं तरी फेरिटिन खाली असू शकतं.

आणि फोटोतला फिजिओ आठवड्यातून किती दिवस येतो ते बघा. एक दिवस येऊन बॅडमिंटनवाल्यांना टेपिंग करून जाणारा असेल तर त्याचा तिला उपयोग नाही. सप्लिमेंट किंवा इंजेक्शन कुणी दिलं, अगदी सीनियरने मायेने दिलं, तरी घ्यायचं नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसवा. नाडाची, म्हणजे राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेची टेस्ट युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेतही होते आणि अंगात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरतात.

बीचवर धावते तेव्हा ओल्या कडक वाळूवर धावू दे, आणि जेवढं जाईल तेवढंच उलट येऊ दे, किनाऱ्याला उतार असतो, एकाच बाजूने धावलं की एका पायावर भार येतो.

सड्यावरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार, तिच्या बाबांनी पण बसून सगळं वाचलं. अमेरिकेचा विषय बंद केला, एजंटला ब्लॉक केलं. आज त्या युनिव्हर्सिटीला परत फोन लावला आणि ॲडमिशनवाल्यांना म्हटलं मला ॲथलेटिक्सच्या कोचशीच बोलायचंय. दोनदा टाळलं, मग दिला. कोच बाई आहेत, एनआयएस ॲथलेटिक्स, बोलायला सरळ वाटल्या. त्या म्हणाल्या आमच्याकडे ८०० च्या दोन आणि १५०० ची एक मुलगी आहे, सिंथेटिक आमचा नाही, आठवड्यातून दोनदा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात गाडी नेते, बाकी दिवस कॅम्पसचं मातीचं मैदान. ब्रोशरमध्ये ट्रॅकचा फोटो आहे तो बालेवाडीचाच आहे हे त्यांनी स्वतःच सांगितलं. फिजिओ आठवड्याला दोन दिवस. मेसमध्ये अंडी आहेत, मासे नाहीत. दुखापतीचं लेखी द्यायला रजिस्ट्रारची सही लागते, ते त्या विचारून सांगणार आहेत. फीचा निर्णय पत्र आल्यावरच घेऊ असं ठरवलंय. शिवाय या रविवारी डेरवणला जाऊन येतोय, मॅडमनी सांगितलं ते एकदम पटलं, चिपळूण आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मुलीला बालेवाडीला ट्रायलला बोलावलंय, दोन दिवस राहायची सोय करतायत. तिला त्याचं टेन्शन आलंय, सिंथेटिकवर फार धावलेली नाही. काही तयारी करायची का?

राजापूरचे_पीटी_सर

ताई, कोचने फोटोचं आपणहून सांगितलं हे मला फार आवडलं. ट्रायलला नक्की पाठवा, आणि तुम्ही दोघंही जा, मुलगी धावत असताना तिथल्या तीन मुलींशी बोला, त्यांना विचारा मागच्या वर्षी कुठे कुठे स्पर्धेला नेलं आणि दुखलं खुपलं तर काय करतात. त्या जे सांगतील ते कुठल्याही पत्रापेक्षा खरं असेल.

तयारीचं म्हणाल तर आता नवीन काही करायचं नाही. स्पाइक्स असतील तर खिळे बघून घ्या, मातीवरचे लांब असतात, सिंथेटिकला ६ मिलिमीटरचे लावा, ९ च्या वर तर चालतच नाहीत, खिळे आणि पाना स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो. नवीन बूट घेऊन त्याच दिवशी घालायचे नाहीत, फोड येतात. आदल्या दिवशी चिपळूणहून निघा, घाट रात्री नको, तिथे पोचल्यावर ट्रॅकवर अर्धा तास सावकाश जॉगिंग आणि शंभर-शंभर मीटरच्या चार-पाच स्ट्राइड्स (मोकळ्या लांब पावलांची वेगातली धाव) करू दे म्हणजे पायाला उसळी कळेल. सिंथेटिकवर पहिला लॅप सोपा वाटतो आणि सवय नसलेल्या मुली तिथेच जास्त वेगात जातात, तिला पहिले ४०० मीटर ६७-६८ सेकंदांतच धरायला सांगा. आणि सिंथेटिकवर धावून दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात, तेव्हा दोन दिवसांत दोन टाइम ट्रायल घेणार असतील तर कोचना आधीच कळवा की मुलगी मातीवरची आहे, १५०० पहिल्या दिवशी घेऊ नका.